मराठी सिरीयलसाठी लिहायचंय? मग तुमची स्टोरी आधी बाजूला ठेवा

"ताई, माझ्याकडे एक जबरदस्त स्टोरी आहे, कुठल्या चॅनलला देऊ?" असा मेसेज मला आठवड्यातून दोन-तीन तरी येतो. कधी नांदेडहून, कधी चिपळूणहून, परवा बेळगावच्या एका मुलीचा आला होता. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदा सगळं बसून लिहिते. मी अकरा वर्षं डेली सोप लिहितेय, आधी दुसऱ्यांच्या हाताखाली, मग संवाद, आता पटकथा पण, त्यामुळे जे सांगतेय ते माझ्या आणि आजूबाजूच्या लेखकांच्या अनुभवातलं आहे.

पहिली गोष्ट हीच की स्टोरी घेऊन जाऊ नका. वाईट वाटेल, पण कारण समजून घ्या. मराठीत फिक्शन चालवणारी चॅनल मोजकीच, झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी, सोनी मराठी, सन मराठी. त्यांचे संध्याकाळचे स्लॉट ठरलेले, आणि एक मालिका बंद होते तेव्हाच दुसरी येते. नवी मालिका सुरू करायची म्हणजे सेट, कलाकार, प्रोमो, होर्डिंग असा मोठा पैसा लागतो, तो ज्याचं एकही पान कुणी वाचलेलं नाही अशा माणसाच्या भरवशावर कोणी लावत नाही. शिवाय बऱ्याचदा कल्पना चॅनलचीच असते, किंवा बंगाली-तमिळ-तेलुगूत चाललेल्या एखाद्या मालिकेवरून घेतलेली असते, आणि मालिकेचे हक्कही साधारणपणे चॅनलकडेच राहतात.

आता याच्या उलट बाजू बघा. चालू मालिकेला आठवड्याला सहा एपिसोड लागतात, म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर, त्यात रविवारचा एक तासाचा महाएपिसोड आला की अजून ताण. एक माणूस इतकं लिहू शकत नाही. लिहिणारे हात तिथे कायम कमी पडतात, आणि नवीन लेखक आत जातो तो याच दारातून, दुसऱ्याच्या मालिकेचा उद्याचा एपिसोड लिहून देणारा म्हणून.

काम कसं वाटून दिलेलं असतं ते आधी कळलं पाहिजे, नाहीतर कोणाकडे काय मागायचं तेच समजत नाही. टायटलमध्ये कथा, पटकथा, संवाद अशी तीन वेगळी नावं येतात ती उगाच नाही. कथालेखक महिना-दीड महिन्याचा ट्रॅक देतो, म्हणजे धाकटीचं लग्न मोडणार, मग मोठीवर आळ येणार, मग खरं कोण ते कळणार. पटकथालेखक त्याचे एपिसोड पाडतो, एकेका एपिसोडमध्ये सहा-आठ सीन, ब्रेक कुठे, शेवटचा हुक काय, म्हणजे उद्याचा एपिसोड बघायला लावणारा क्षण, कुठल्या चेहऱ्यावर फ्रीझ करायचं. हे प्रॉडक्शन हाऊसच्या क्रिएटिव्हकडून, म्हणजे कथेवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाकडून, चॅनलच्या माणसांकडे जातं, तिकडून नोट्स येतात, बदल होतात, परत जातं, आणि अप्रूव्ह झालं की मग संवादलेखकाकडे येतं. तोवर संध्याकाळचे सात-आठ झालेले असतात आणि सेटवर सकाळी कॉलटाइम असतो. म्हणजे संवाद रात्रीत लिहायचे. नवीन माणसाला काम मिळतं ते बहुतेक वेळा इथेच, कारण सगळ्यात जास्त ओढाताण इथे आहे.

मला पहिला एपिसोड असाच मिळाला. ज्या लेखकांकडे मी असिस्ट करत होते त्यांच्या घरी आजारपण आलं, रात्री साडेनऊला फोन आला की सीन ब्रेकडाऊन (कुठल्या सीनमध्ये काय घडतं त्याची यादी) पाठवलाय, सकाळी सहापर्यंत बावीस पानं दे, तुला सगळी पात्रं माहितीयत. मी तेव्हा आठ महिने त्यांचे एपिसोड टाईप करत होते, कुठलं पात्र आईला "आई गं" म्हणतं आणि कुठलं नुसतं "आई" हे माझ्या कानात बसलं होतं, म्हणून जमलं. लिहायला येत होतं म्हणून नाही, कानात होतं म्हणून. हे मी मुद्दाम सांगतेय.

तर तयारी कशी करायची. एक चालू मालिका निवडा, आवडती नसली तरी चालेल, पण टीआरपी चांगला असलेली. दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे टीव्हीचा प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे येतात आणि सगळं ऑफिस त्या दिवशी एक तर खुशीत असतं नाहीतर गप्प असतं, तुम्हालाही ते आकडे बातम्यांमध्ये सापडतील. दोन आठवडे ती मालिका वही घेऊन बघा. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वजा केल्या की साधारण एकवीस-बावीस मिनिटं हातात येतात, त्यात किती सीन आले, प्रत्येक सीन किती मिनिटांचा, ब्रेकच्या आधीचं शेवटचं वाक्य कोणाचं, एकूण किती कलाकार दिसले, किती लोकेशन, हे सगळं लिहून काढा. चौथ्या-पाचव्या दिवशी तुमच्या लक्षात येईल की हॉल, स्वयंपाकघर, एक बेडरूम आणि अंगण यातच सगळी मालिका चाललीये. याला कंटाळवाणं म्हणू नका, एका दिवसात साधारण एक एपिसोड शूट करायचा असेल तर लायटिंग बदलायला वेळच नसतो. मग तिसऱ्या आठवड्यात शुक्रवारचा एपिसोड बघून शनिवारचा स्वतः लिहा, सीनसकट संवादासकट, आणि शनिवारी खरा एपिसोड काय आला ते ताडून बघा. असं पंधरा-वीस वेळा केलंत की हात बसतो. कोर्स करायचा तर जरूर करा, पुण्याला एफटीआयआयमध्ये फिल्म-टीव्हीच्या पटकथालेखनाचा कोर्स आहे, पण ही वहीची सवय कुठलाच कोर्स तुमच्यासाठी लावून देणार नाही.

संवादाबद्दल जरा थांबून सांगते कारण नवीन मुलांची स्क्रिप्ट इथेच पडते. समजा ब्रेकडाऊनमध्ये एवढंच आलंय, "सकाळ. स्वयंपाकघर. डब्यावरून सासूला वाटतं मुलगा दुरावला." नवीन लेखक लगेच सासूला बोलायला लावतो, मी त्याला नऊ महिने पोटात वाढवलं, तीस वर्षं त्याचा डबा मी भरला, आज तू आलीस आणि वगैरे वगैरे, दीड पान. आता हे बघा.

सीन 4. सकाळ. स्वयंपाकघर. आई, सून.
ओट्यावर दोन डबे. दोन्ही भरलेले.
आई: डबा ठेवलाय गं त्याचा. शेपू केलीय.
सून: आई, मी पण भरला. काल रात्री तेच म्हणाले, उद्यापासून तू देत जा.
आई काही बोलत नाही. स्वतःचा डबा उघडते, भाजी परत कढईत ओतते.
आई: बरं झालं. संध्याकाळला होईल ही.

यात आईने एक शब्द तक्रारीचा काढलेला नाही, पण ती भाजी कढईत परत जाताना दिग्दर्शकाला क्लोजअप मिळतो, नटीला करायला काहीतरी मिळतं, आणि घरी बघणाऱ्या बाईला जे कळायचं ते कळतं. दोन कलाकार, एक सेट. डेली सोपचा प्रेक्षक पोळ्या लाटता लाटता बघतो म्हणून सगळं बोलूनच सांगावं लागतं असं तुम्हाला मीटिंगमध्येही ऐकवतील, आणि ते काही अंशी खरंय, महत्त्वाची माहिती दोनदा बोलावीच लागते. पण भावना बोलून दाखवायची गरज नसते. माहिती बोला, भावना हातात द्या, मी तरी असंच लिहिते.

आणि बोली. हे आपल्याकडच्या मुलांचं खरं भांडवल आहे आणि तेच ती लपवतात. मुंबईला आलं की सगळे पुस्तकी मराठीत लिहायला लागतात. अहो, 2016 ला 'रात्रीस खेळ चाले' आली झी मराठीवर, मालवणी वळणाची, शूटिंग सावंतवाडीजवळ आकेरीत, आणि सगळ्या महाराष्ट्राने ती बघितली. त्याच्या पुढेमागे कोल्हापूर-साताऱ्याच्या बोलीतल्या मालिकांनी रांग लावली. तुम्हाला वऱ्हाडी येत असेल, अहिराणी येत असेल, आगरी येत असेल तर सॅम्पलमधला एक सीन त्यात लिहाच. फक्त एक काळजी घ्या, बोली म्हणजे शब्दाला हेल काढून लिहिणं नव्हे, त्या गावची बाई रागात असताना काय बोलणार नाही हे कळलं पाहिजे.

सॅम्पल म्हणून काय हातात ठेवायचं? चालू मालिकेचा तुम्ही लिहिलेला एक पूर्ण एपिसोड, स्वतःच्या मनातला चार-पाच पानांचा एक सीन, आणि एकांकिका वगैरे लिहिली असेल तर ती. बस. युनिकोडमध्ये टाईप केलेलं, पीडीएफ, सीन नंबर, ठिकाण, वेळ, पात्रं वर स्पष्ट. हाताने लिहून फोटो पाठवू नका, कोणी वाचत नाही.

मग माणसं कुठे शोधायची. मालिकेच्या टायटलमध्ये नावं झरकन जातात, म्हणून झी5, जिओहॉटस्टार, सोनी लिव्ह जिथे ती मालिका असेल तिथे लावा, पॉज करा आणि पटकथा, संवाद, क्रिएटिव्ह, कार्यकारी निर्माता ही नावं उतरवून घ्या. बहुतेक जण फेसबुक-इन्स्टावर सापडतात. चॅनल हेडला मेसेज करून उपयोग नाही, संवादलेखकाला करा, कारण मदतीला माणूस त्याला हवा असतो. मेसेज छोटा ठेवा. मला आलेल्यातला एक मला अजून आठवतो, साधारण असा होता: "नमस्कार ताई, मी लातूरची, एकांकिका लिहिते. तुमच्या मालिकेचा गेल्या गुरुवारचा हळदीचा सीन आवडला, त्यात आत्याचं शेवटचं वाक्य तिच्या तोंडचं नाही वाटलं. त्याच पात्रांचा एक सीन लिहून जोडलाय, दोन पानं आहेत. टाईप करायला, रिकॅप काढायला कोणी हवं असेल तर मी आहे." मी त्याच दिवशी वाचलं. आत्याच्या वाक्याबद्दल तिचं बरोबर होतं, ते चॅनलच्या नोटमुळे घातलेलं होतं आणि मलाही खुपलं होतं. आज ती दुसऱ्या एका मालिकेचे संवाद लिहिते.

दुसरा रस्ता एकांकिका स्पर्धांचा, आणि तो आपल्याकडे फार जुना आणि भक्कम आहे. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक 1963 पासून चालू आहे, शिवाय फिरोदिया, मुंबईची आयएनटी, सवाई, लोकांकिका. मराठी मालिकांमधले किती लेखक, दिग्दर्शक, नट तिथून आलेत याची मोजदाद नाही. तिथे तुमच्यासोबत बॅकस्टेजला असलेला मुलगा चार वर्षांनी कुठल्या तरी मालिकेचा असोसिएट डिरेक्टर असतो आणि तोच फोन करतो की अरे आमच्याकडे लिहायला कोणीतरी हवंय. कॉलेजात असाल तर हे सोडू नका, मुंबईला यायची घाई करू नका.

तिसरा रस्ता क्रिएटिव्ह टीमचा. प्रॉडक्शन हाऊसमध्ये असिस्टंट क्रिएटिव्ह म्हणून लागायचं, सेटवर कंटिन्युइटी बघायची, म्हणजे आधीच्या शॉटमधले कपडे-वस्तू पुढच्यात तशाच आहेत ना ते, चॅनलच्या नोट्स लिहून घ्यायच्या. पगार कमी आणि तास जास्त, पण एपिसोड लागतो कसा आणि फसतो कुठे हे इथे जेवढं कळतं तेवढं कुठेच नाही. विनोदी कार्यक्रमांसाठी स्किट, पुरस्कार सोहळ्यांचं अँकरिंग, ऑडिओ सिरीज, हे पण चालतं, त्याने हात चालू राहतो आणि थोडे पैसे येतात.

सेटवर एकदा तरी जाऊन या, गोरेगावची फिल्मसिटी असो, मढ असो की घोडबंदर रोड. कारण लिहिताना ज्या अडचणी येतात त्या सगळ्या तिथून येतात. आपल्याकडचे नट नाटक करतात, शनिवार-रविवारी प्रयोग असला की दुपारी निघतात, मग घरात मोठं भांडण चाललंय आणि घरातला कर्ता माणूसच सीनमध्ये नाही, त्याचं कारण तुम्हाला लिहायचंय. एखादी नटी आजारी पडली की तिचा सीन फोनवर. एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रात शूटिंग थांबलं तेव्हा कितीतरी युनिट गोव्याला गेली, आणि आम्ही लेखक घरी बसून रात्रीत आख्खं कुटुंब गोव्याला का गेलं याची कारणं लिहीत होतो, मग मे महिन्यात तिथेही थांबलं आणि परत सगळं बदललं. ज्याला हे बदल करताना चिडचिड न होता मजा येते तो टिकतो. मीटिंगमध्ये "मजा नाही येत" एवढाच फीडबॅक आला तर वाद घालू नका, एवढंच विचारा की सीन संपल्यावर प्रेक्षकाला कोणाचा राग यायला हवा, कोणाची दया यायला हवी. उत्तर मिळालं की निम्मं काम झालं.

आता पैशाचं, आणि हे लाजू नका, पहिल्या दिवशी बोला. संवादाचे पैसे पर एपिसोड मिळतात, हातात यायला टेलिकास्टनंतर दोन-तीन महिने सहज जातात, त्यातून 10 टक्के टीडीएस कापला जातो, रिटर्न भरलंत तर जास्तीचा कापलेला परत मिळतो. म्हणून पॅन, बिलाचा नमुना आणि प्रत्येक एपिसोडचा नंबर-तारीख लिहिलेली शीट पहिल्यापासून ठेवा. माझे एका निर्मात्याकडे तेवीस एपिसोडचे पैसे अडकले, मालिका अचानक बंद झाली, आणि माझ्याकडे कॉन्ट्रॅक्ट नव्हतं, फक्त व्हॉट्सअॅपवरचं बोलणं होतं. दीड वर्ष फोन करून निम्मे मिळाले. तेव्हापासून मी कॉन्ट्रॅक्ट नसेल तर निदान एक ईमेल करून घेते, आपलं असं असं ठरलं, इतके रुपये, इतक्या दिवसांत, आणि समोरच्याचं "ओके" येईपर्यंत दुसरा एपिसोड पाठवत नाही.

अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घ्या. पूर्वी तिला फिल्म रायटर्स असोसिएशन म्हणायचे, तिथे स्क्रिप्ट ऑनलाइन रजिस्टर करता येते आणि मानधन-श्रेयाचे वाद सोडवणारी समितीही आहे. मराठीत आपली मानाचि लेखक संघटना आहे, मालिका-नाटक-चित्रपट लेखकांची, त्यांच्या कार्यशाळांना जा, तिथे जुने लेखक सहज बोलतात. एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की करा, कायद्याने संरक्षण तुम्ही लिहिलेल्या मजकुराला आहे, नुसत्या कल्पनेला नाही. चहाच्या टपरीवर सांगितलेली स्टोरी कोणी वापरली तर सहसा काही करता येत नाही. म्हणून कधी ना कधी स्वतःची संकल्पना न्यायची वेळ येईल तेव्हा पात्रांची वर्णनं, पहिल्या महिन्याचा ट्रॅक आणि पहिले दोन एपिसोड असं सगळं लिहून, रजिस्टर करून मगच तोंड उघडा. आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या रॉयल्टीचा हक्क आलाय, कॉन्ट्रॅक्टमध्ये तो सोडून दिल्याचं वाक्य असेल तर सही करण्याआधी संघटनेत दाखवा.

नावाशिवाय लिहायचं की नाही हे सगळे विचारतात. माझं मत, सुरुवातीला थोडं चालतं, शिकायला मिळतं, पण किती एपिसोडनंतर सहाय्यक म्हणून पाटीवर नाव येणार ते आधी विचारा. पन्नास एपिसोड लिहूनही समोरचा टाळत असेल तर तिथून निघा. तुमच्या हातात कामाचा दुसरा काही पुरावा नसतो.

मुंबईत राहायलाच हवं का? 2020 नंतर बऱ्याच मीटिंग ऑनलाइन होतात, संवाद तर मी महिनाभर साताऱ्याला आईकडे राहून लिहिलेत. पण पहिलं एक वर्ष जवळ असलेलं बरं, डोंबिवली, ठाणे, विरार, जिथे परवडेल तिथे. आत्ताची नोकरी लगेच सोडू नका, सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय तर नाहीच, कारण आकडे पडले की मालिका पंधरा दिवसांच्या नोटीसवर गुंडाळतात.

आणि पहिला एपिसोड टेलिकास्ट होईल त्या दिवशी घरच्यांसोबत बघा, पण रात्री एकट्याने परत लावा आणि स्वतःची स्क्रिप्ट समोर ठेवा. कुठलं वाक्य कापलं, कुठलं नटाने स्वतःचं घातलं, कुठे दिग्दर्शकाने तुमच्या तीन वाक्यांऐवजी नुसतं बघायला लावलं, सगळं पेनाने मार्क करा. माझ्या पहिल्या एपिसोडमध्ये निघताना आई मुलाला म्हणते, "स्वतःची काळजी घे." आमच्या ज्येष्ठ नटीने ते म्हटलंच नाही, त्या म्हणाल्या, "दही घेतलंस का हातावर?" मी ते वाक्य तिथेच वहीत उतरवून घेतलं आणि पुढच्या एपिसोडच्या सीनमध्ये त्या आईसाठी लिहिलेलं "काळजी" खोडून तिच्या हातात चपला पुसायचं फडकं दिलं.